कापसाच्या वाटेनं पंचाण्णव दिवस

उझबेकिस्तानातल्या ताश्कंदच्या मेट्रोत शिरताना आमच्या कागदी तिकिटावरचा चौकोनी कोड फाटकाच्या काचेसमोर धरायचा होता. पोरांच्या बाबांनी धरला, फाटक उघडलं नाही. त्यांनी तिकीट उलटं करून पाहिलं, शर्टाला पुसून पाहिलं. मागे माणसं खोळंबली होती. तेव्हा आमची मोठी पुढे झाली आणि म्हणाली, "बाबा, सरका बरं जरा, मी पायते." तिनं तिकीट काचेपासून बोटभर वर उचललं आणि फाटक उघडलं.

एवढीच गोष्ट. पण "बाबा, सरका" हे शब्द आमच्या घरात त्याआधी कोणी बोललेलं मला आठवत नाही. कोणतं बियाणं आणायचं, डवरणी कधी करायची, फवारायचं की थांबायचं, कापूस कधी विकायचा, हे सगळं त्यांना विचारून. आकाशाकडे पाहून ते म्हणाले की आज पाणी येत नाही, तर आम्ही वाळवण बाहेर टाकतो. लेकरांच्या मनात बाबाला येत नाही असं काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिले. बोगद्यातल्या गाडीच्या खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नसतं.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यातले कास्तकार. नऊ एकर वावर होतं. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरहून मुंबईला निघाला तेव्हा त्यातले साडेतीन एकर त्याच्याखाली गेले. मोबदला मिळाला. आसपासच्या गावांत त्या पैशांचं काय काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कोणी दुसरीकडे वावर घेतलं, कोणी माडी चढवली, काहींच्या दारात गाड्या आल्या आणि गेल्याही. आम्ही कर्ज फेडलं, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं, पलीकडच्या गावात दोन एकर घेतले. उरले ते बँकेत टाकले. त्या उरलेल्या पैशांवर माझा डोळा होता, हे मी कबूल करते.

त्याचं कारण आमचा लहाना मुलगा. डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंतचा रस्ता सुरू झाला तेव्हा तो सात वर्षांचा होता. संध्याकाळी आपल्याच जुन्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन तो कुंपणापाशी उभा राहायचा. एकशेवीसच्या वेगानं गाड्या जायच्या. एक दिवस घरी येऊन त्यानं विचारलं, "आई, हे सारे कुठी जाऊन राह्यले?" मी म्हटलं, मुंबईले. तो म्हणाला, "अन् मुंबईतून?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते पुस्तकातलं होतं. मी बी.ए. केलं, गावात ब्लाउज शिवते, आणि तोपर्यंत नागपूरपेक्षा लांब एकदाच गेले होते, पंढरपूरला.

दीड वर्ष आमचं यावर भांडण चाललं. शेवटी हे तयार झाले, पण एका अटीवर. "जायचं तं कापूस पिकते तिथं जाऊ. नुसत्या इमारती पाहाले मी येत नाही." त्या अटीनं सारा प्रवास ठरला. कापूस पिकतो तो देश उझबेकिस्तान, आणि कापूस जगभरातून जाऊन कपडा होतो त्या देशांपैकी एक व्हिएतनाम. दोन्हीकडचा व्हिसा घरबसल्या ऑनलाइन निघतो, दोन्हीकडे राहणं आपल्या आवाक्यातलं. मँचेस्टरचंही नाव निघालं होतं. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या कापसावर आणखी घट्ट बसली. 1867 मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली, तिच्याच रुळांवर आमचं धामणगाव आहे. पण मँचेस्टरचा खर्च काढून पाहिला आणि कागद मिटवून ठेवला.

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, हे अजिबात पटलं नाही. "कापूस पाहाले परदेशात? घरात काय कमी हाय कापूस?" असं म्हणून ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ऐन वेचणीच्या हंगामात घरचा माणूस निघून जातो, हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. त्यांचं चुकत नव्हतं. वावर आम्ही त्या वर्षापुरतं भाऊजींच्या हवाली केलं. त्याचा तोटा झाला, तो पुढे सांगते.

शाळेचं मला सगळ्यात जास्त भेव होतं. 2024 मध्ये मोठी सातवीत आणि लहाना चौथीत होता. पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा राज्यानं 2023 मध्ये पुन्हा आणली, शिष्यवृत्तीही तेव्हा त्याच वर्गांना होती, म्हणून पुढच्या वर्षी निघणं जमणार नव्हतं. मुख्याध्यापक सरांकडे अर्ज घेऊन गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "पुस्तकं सोबत न्या. रोज एक पान लिहून घ्या, कशावरही. आल्यावर पोरांनी वर्गाला सांगायचं." बालभारतीची पुस्तकं बॅगेत गेली, उरलेली फोनमध्ये उतरवून घेतली.

मोठीच्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी'. आम्हीच त्या वेळी ते कळवलं नव्हतं. ते नाव टाकून पासपोर्ट हातात येईपर्यंत पाऊस संपत आला. सप्टेंबरच्या शेवटी नागपूरहून रेल्वेनं दिल्ली, आणि दिल्लीहून विमानानं तीनेक तासांत ताश्कंद. धामणगावहून पंढरपूरला जायला आम्हाला याच्या पाचपट वेळ लागला होता.

ताश्कंदच्या मेट्रोत पख्ताकोर नावाचं स्टेशन आहे. पख्ता म्हणजे कापूस, पख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. 1977 सालचं स्टेशन, भिंतींवर रंगीत तुकड्यांत फुललेली बोंडं. आम्ही उतरलो आणि लहाना ओरडला, "बाबा, बोंड!" तिथं भिंतीला हात लावून हे बराच वेळ उभे होते. आपल्याकडे पुतळे असतात, चौकाला नावं असतात. पण बोंडाचा असा मान मी आधी पाहिला नव्हता. तिकडच्या चहाच्या किटलीवर आणि पियाल्यांवरही बोंडाचीच नक्षी असते, निळी, पांढरी, सोनेरी. मी दोन पियाले आणले. एक वाटेत फुटला.

दुसऱ्या दिवशी लाल बहादूर शास्त्रींच्या पुतळ्यापाशी गेलो. 10 जानेवारी 1966 ला ताश्कंदचा करार झाला आणि त्याच रात्री, 11 तारीख लागल्यावर, ते तिथंच गेले. मामाजी तेव्हा चौदा वर्षांचे होते. गावात एकच रेडिओ होता आणि बातमी ऐकायला सारं गाव त्या ओसरीवर जमलं होतं, हे त्यांनी पोरांना कितीदा सांगितलेलं. आम्ही तिथून व्हिडिओ कॉल लावला. मामाजींनी फोन डोळ्याजवळ नेला, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टोपी काढ अन् पाया पड त्यायच्या." लहान्यानं टोपी काढली. त्या दिवसापासून मामाजी रोज रात्री फोनची वाट पाहू लागले.

पोरांचा अभ्यास कसा झाला, हे सगळे विचारतात. गणित पैशांनी शिकवलं. एक रुपया म्हणजे तेव्हा साधारण दीडशे सोम, हे तिकडचं चलन. खरबुजाला लाखाच्या गोष्टी ऐकून लहाना आधी घाबरला, मग दीडशेनं भागायला शिकला, आणि महिनाभरात तोंडी सांगायला लागला. व्हिएतनामला तीनशेनं भाग. भाषेची मजा मोठीला. वहीच्या दुकानात बाई म्हणाल्या 'दफ्तर' आणि वही काढून दिली. आपल्याकडे दप्तर पाठीवर, तिकडे दफ्तर हातात. किताब, कलम, बाजार, हवा, सगळं ओळखीचं, फारसीतून इकडेही आलेलं आणि तिकडेही गेलेलं. कांद्याला पियोज. पण सब्जी मागितली की गाजर मिळतं. मोठीनं अशा एकशेबारा शब्दांची यादी केली, ती अजून आमच्या भिंतीवर आहे.

आता खिवाच्या वावरातली गोष्ट. ताश्कंदहून रात्रभर रेल्वेनं खिवाला गेलो आणि एका घरी उतरलो. घरच्या बाई शाळेत शिक्षिका, त्यांच्या दिराचं शेत गावाबाहेर. आम्ही कापसाचे कास्तकार आहोत हे फोनवरच्या भाषांतरातून कळलं तेव्हा त्यांनी आम्हाला सकाळीच तिकडे नेलं.

मी वावर पाहिलं आणि थबकले. झाडावर पानच नाही. उभ्या काटक्या आणि त्यावर नुसती फुटलेली बोंडं. आपल्याकडे असं दिसलं तर माणूस डोक्याला हात लावून बसेल. यांनी वाकून बुडाशी पाहिलं, फांदी मोडून पाहिली, म्हणाले, "रोग नाई हा. पानं मुद्दाम गाळली." तसंच होतं. वेचणीआधी तिकडे औषध फवारून पानं गाळतात, म्हणजे कापसात कचरा येत नाही. बायांनी कमरेला फडकी बांधली होती, आपल्यासारखीच. मीही ओटा बांधला आणि वेचू लागले. बोंडाची टोकं आपल्याइतकीच टोचतात. पहिल्या दहा मिनिटांत नखाच्या कडेला रक्त आलं, आणि शेजारची बाई माझा हात पाहून हसली, स्वतःचा दाखवला. तिच्या बोटांच्या त्याच जागांवर त्याच भेगा होत्या.

हे आणि त्या घरचे भाऊ एका धुऱ्यावर बसले होते. ताश्कंदपासून हे जवळजवळ मुके झाले होते. जेवण सांगायचं तर मोठी, रस्ता विचारायचा तर मोठी, भांडण मिटवायला मी. तिथं मात्र दोघांना भाषा लागत नव्हती. एक बोंड फोडून पाकळ्या मोजायचा, दुसरा सरकी दातानं फोडून पाहायचा. तिकडे उत्पादन सेंटनरमध्ये मोजतात, म्हणजे शंभर किलो, आपला क्विंटल. भाऊंनी तीन वेळा दहा बोटं दाखवली, हेक्टरी तीस. मोठीनं अडीचनं भागलं, "बाबा, एकरी बारा." यांचा चेहरा मी विसरणार नाही. आमच्या कोरडवाहू वावरात एकरी सहा-सात झाला की ते वर्ष चांगलं. हे नुसतं म्हणाले, "पाणी." भाऊंनी मागच्या पाटाकडे बोट केलं. अमू दर्याचं पाणी.

संध्याकाळी त्यांच्या अंगणात भिंतीला लागून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग दिसला. त्याला ते गुझापाया म्हणतात. त्याच पऱ्हाट्या तंदूरमध्ये घालून बाई रोट्या भाजत होत्या. धुराचा वास अगदी माझ्या माहेरच्या चुलीचा. मी खाली बसून एक पऱ्हाटी आत सारली आणि मला एकाएकी रडू आलं. बाईंनी काही विचारलं नाही, गरम रोटी तोडून हातात दिली.

रात्री त्या शिक्षिकाबाई बोलल्या. त्या शाळेत होत्या तेव्हा शरद ऋतूत शाळाच बंद व्हायची आणि सगळी मुलं कापूस वेचायला जायची, शिक्षकही जायचे. पुढे जगभरातल्या कंपन्यांनी त्या कापसावर बहिष्कार टाकला, सरकारला ती सक्ती थांबवावी लागली, आणि मार्च 2022 मध्ये तो बहिष्कार उठला. मोठी फार लक्ष देऊन ऐकत होती. तिनं मला विचारलं, "आई, तुले बी शाळेतून जा लागे का?" मला कोणी सक्ती केली नव्हती. पण सातवी-आठवीच्या दिवाळीच्या सुट्या मी वावरातच काढल्या, आणि सुट्या संपल्यावरही चार-आठ दिवस. हजेरीपटावर तेव्हा आम्हा निम्म्या मुलींच्या नावापुढे रेघ असायची. हे मी तिला याआधी सांगितलं नव्हतं, का ते मला नीट सांगता येत नाही.

इथंच एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मला टोचत राहते. मेळघाटातली कोरकू माणसं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात, लेकरं सोबत असतात. ती शाळेत नसली की त्याला गळती म्हणतात. माझी लेकरं पंचाण्णव दिवस शाळेत नव्हती, त्याला सगळ्यांनी अनुभव म्हटलं. ती लेकरंही रोज नवा रस्ता, नवं गाव, नवी भाषा पाहतात. त्यांना एक पान लिहून घ्या म्हणणारे सर भेटावेत आणि परत आल्यावर वर्गापुढे उभं करून त्यांचंही ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

खिवाहून आम्ही नुकुसला आणि तिथून टॅक्सीनं मोयनाकला गेलो. हे यांनीच काढलं. पाण्याचं काय होतं ते पाहायचं आहे, म्हणाले. मोयनाक हे अरल समुद्राचं बंदर होतं. 1960 च्या सुमारास हा जगातला चौथा मोठा तलाव होता. मग अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कालवे काढून कापसाकडे वळवलं, आणि समुद्र आटत गेला. मासळी डबाबंद करण्याचा कारखाना होता, तो बंद पडला. आज पाणी शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. आम्ही एका उंचवट्यावर उभे राहिलो. खाली वाळू, वाळूत गंजलेल्या मासेमारी बोटी एका रांगेत, मधेमधे झुडपं. वारा सुटला की ओठांवर खारट लागायचं.

लहाना बोटीपर्यंत उतरला, पत्र्याला हात लावला, लाल हात घेऊन वर आला. "बाबा, समुद्र कोणी नेला?"

यांनी पटकन उत्तर दिलं नाही. घरी असते तर दिलं असतं. थोड्या वेळानं म्हणाले, "त्या भाऊच्या वावरात पाणी पाह्यलं ना आपण? एकरी बारा? ते इथलं होतं."

"मंग त्यायची चूक का?"

"मले नाई सांगता येत रे. त्यायच्या जागी मी असतो तं मीही पाणी घेतलं असतं."

परतीच्या टॅक्सीत कोणी बोललं नाही. नुकुसजवळच्या काही वावरांत मिठाचा पांढरा थर दिसत होता. तो धुऊन काढायला हिवाळ्यात जमिनीत पुन्हा पाणीच सोडतात. हे काच खाली करून पाहत होते. आमच्याकडे कालवा कधी येईल याची वाट पाहत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं आहे. आजही कालवा आला तर ते पेढे वाटतील, मीही वाटीन. पण त्या दिवसानंतर ते पाण्याबद्दल बोलताना आधी थोडं थांबतात.

तिथून पुढे व्हिएतनाम. दिवाळी हनोईत आली. 1 नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन. खिवाच्या बाईंनी मूठभर कापूस दिला होता. सरकी परदेशात न्यायची नसते म्हणून मी ती तिथंच बोटांनी काढली होती. त्या रुईच्या वाती वळल्या, स्टीलच्या वाटीत तेल घातलं आणि खोलीच्या खिडकीत दिवा लावला. पोरं त्या रात्री खूप उदास झाली. मोठी म्हणाली, तिच्या मैत्रिणी आता अंगणात रांगोळी काढत असतील, आणि शाळेच्या कबड्डीच्या संघातून तिचं नाव गेलं ते माझ्यामुळे. तिचं खरं होतं. मी तिला काही समजावलं नाही.

त्यानंतरचे सगळ्यात वाईट चार दिवस होई आनचे. नदीकाठचं जुनं गाव. घरांच्या भिंतींवर कोणत्या साली पूर कुठवर आला त्याच्या खुणा केलेल्या असतात. घरमालकिणीनं सांगितलं होतं की पाणी चढणार, वरच्या बाजूला खोली पाहा. हे म्हणाले, काही होत नाही, पाऊस ओसरतो आहे. आकाशाकडे पाहून म्हणाले, घरी म्हणतात तसंच. रात्री गल्लीत पाणी शिरलं, गुडघ्याला लागलं, अंधारात सामान डोक्यावर घेऊन जिन्यानं वर गेलो. सकाळी लहान्याला ताप, एकशेतीन. पाणी उतरेपर्यंत दवाखान्यात नेता आलं नाही. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. डेंग्यूची तपासणी नकारात्मक आली तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच गेले.

त्या रात्री हे पोरांच्या मधे बसले आणि म्हणाले, "मायं चुकलं. ते आभाळ मले समजत नाई, अन् मी समजते म्हणून बोललो." बस, इतकंच. लहाना तापातच त्यांच्या मांडीवर सरकला. मोठी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा ऐकले. बोंडअळीनं 2017 मध्ये सारं पीक खाल्लं तेव्हाही नव्हते ऐकले, आणि तेव्हा त्यांची चूकही नव्हती.

लहाना बरा होईपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. होई आन शिंप्यांचं गाव आहे, गल्लोगल्ली दुकानं, आज माप द्या, उद्या कपडा घ्या. मी एका दुकानात रोज जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या ताई एका झग्याचा मुंढा उसवत होत्या, तिसऱ्यांदा. मी हातानं खूण केली, कापड उलटं घेतलं, मुंढ्याला अर्धा इंच खोल खडूची रेघ मारली आणि बाहीची गोलाई तेवढीच कमी केली. ताईंनी टाके घातले, बाही बसली. मग त्यांनी मला त्यांची काज करण्याची पद्धत दाखवली, दोऱ्याला आधी मेण लावून. मोठी दारात उभी राहून पाहत होती. तिनं त्या दिवशीच्या पानावर लिहिलं, 'आईला व्हिएतनामी येत नाही. पण शिवण येते.' सरांनी त्याखाली लाल पेननं काही लिहिलं नाही, फक्त सही केली.

त्याच दुकानातल्या ताग्यांना हात लावून यांनी विचारलं, हा कापूस कुठला? ताईंना माहीत नव्हतं. माहीत असणारही नाही. आपल्याकडेच जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गंजी लागली की दहा गावांचा कापूस एक होतो, 170 किलोच्या गाठीत बांधला जातो, आणि सूतगिरणीत दहा गाठी फोडून पुन्हा मिसळतात. व्हिएतनाम आपल्याकडूनही कापूस आणि सूत घेतो. तरी हे तागा हातात धरून उभे राहिले, जसं पख्ताकोरला उभे होते.

'मी सोन' नावाचं ठिकाण तिथून जवळच. चंपा या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं, डोंगरांच्या कुशीत. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथं डागडुजी करत होती, तेव्हा 2020 मध्ये नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मातीखालून निघालं. सासूबाईंना फोनवर मंदिरं दाखवली. त्यांनी तिथूनच हात जोडले आणि विचारलं, "बेल भेटते का वं तिकडे?" मी शोधला. मला दिसला नाही.

डिसेंबरच्या शेवटी परतलो. चौघांचे मिळून सव्वासहा लाख खर्च झाले. सोयाबीन ठेवायला जागा नाही म्हणून भाऊजींनी क्विंटलला चार हजारांच्या आसपास देऊन टाकलं होतं, हमीभाव 4,892 असताना. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521, पण तोही तेवढ्याला गेला नाही. गावात काही जण म्हणाले, एवढ्यात दोन एकर आले असते. आले असते कदाचित. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं, तेही हुकलं, त्याची रुखरुख यांना अजून आहे. मोठी कबड्डीच्या संघात परत आली, पण राखीव म्हणून. गणितात तिला थोडं मागे पडल्यासारखं झालं, ते भरून काढायला फेब्रुवारी उजाडला. लहान्याचं नाव मात्र भागाकारासाठी सरांनी वर्गात काढलं.

घरात काय बदललं, हे कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते की आता जेवताना प्रश्न जास्त असतात. मागच्या हंगामात बोंडअळीचे नर पतंग पकडणारे कामगंध सापळे आणले, तेव्हा डबीवरची बारीक अक्षरं वाचायला हे मोठीला हाक मारून घेऊन गेले. दोघं धुऱ्यावर उकिडवे बसून भांडत होते, सापळा किती उंचीवर बांधायचा.

मामाजींनी घरी आल्यावर पहिल्याच रात्री लहान्याला जवळ बसवलं. त्यांना सारं फोनवर माहीत होतं, तरी पुन्हा ऐकायचं होतं. वाळूतल्या बोटींची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. पहिल्यांदा ते डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्यांदा मधेच म्हणाले, "अन् ते मासे धरणारे कोळी? समुद्र गेल्यावर त्यायनं काय केलं मंग?"

लहाना बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "माहीत नाई, आबाजी. इचारायचं राहून गेलं."

मामाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि कंदिलाची वात थोडी वर केली. लाइट गेलेली होती.

"सांग," म्हणाले, "बोटी किती होत्या?"